उतरता खांदा

मोठमाय मला आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, पण ती स्वतः गेलेल्यांबद्दलही जे असेल तेच बोलायची, तेव्हा मी खरं सांगितलं म्हणून तिला वाईट वाटायचं कारण नाही. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठेबाबांची, ती दुसरी बायको. शेगावात स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या एका बोळात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्या घरात मी हायस्कूलची सगळी वर्षं काढली, आणि तिच्याशी मनातल्या मनात भांडल्याशिवाय माझा एकही दिवस गेला नाही.

तिची पहिली खोड म्हणजे ती माणसाच्या तोंडाकडे बघायची नाही, अंगावरच्या कापडाकडे बघायची. दारात कोणी आलं की तिची नजर आधी खांद्यावर, मग बगलेत, मग कमरेवर, मग घेरावर जायची. तोंडाची पाळी शेवटी, आणि तीसुद्धा वेळ उरला तर. एकदा आमच्या भागातला पोस्टमन बदलला. नव्याने जुन्याचाच खाकी कोट घातला होता. मोठमाय कितीतरी दिवस त्याला जुन्याच्याच नावाने हाक मारत होती, आणि वर 'बारीक होऊन राह्यला तू, दवापाणी घे' असंही सांगत होती. लोक या गोष्टीवर हसायचे. मी हसत नसे, कारण त्या नजरेखाली मी रोज सकाळी उभी राहायची.

पहिल्या दिवशीच ती नजर माझ्यावर पडली. वडील दुसरबीडच्या अलीकडच्या एका खेड्यात मास्तर होते. तिथे मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून मला मोठेबाबांकडे ठेवायचं ठरलं. घरी मी कायम थोरल्या बहिणीचे उतरलेले कपडे घालत आले होते. शेगावला जायचं म्हणून आईने माझ्यासाठी पहिल्यांदा कोरं कापड घेतलं, पांढऱ्यावर निळी फुलं, आणि हाताने टाके घालून फ्रॉक शिवला. तो घालून मी मोठमायच्या दारात उभी राहिले. तिने मला दोन्ही दंडांना धरून गर्रकन फिरवलं आणि वडिलांना म्हणाली, "भाऊजी, पोरीचा डावा खांदा उतरता हाये. तिच्या मायनं कधी पाह्यलं नाही काय?" तोवर मला नुसते दोन खांदे होते. त्या दिवसापासून एक खांदा आणि एक उतरता खांदा झाला. वडील खाली मान घालून चहा प्याले आणि दुपारच्या गाडीने परत गेले.

मी रडून रडून झोपले. उठून पाहते तर फ्रॉक जमिनीवर पसरलेला: बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, घेर वेगळा. आईचा एकही टाका तिने शिल्लक ठेवला नव्हता. मी असा हंबरडा फोडला की शेजारच्या बायका धावत आल्या. मोठमाय शांतपणे दोऱ्याचे तुकडे वेचत होती. म्हणाली, "काऊन रडून राह्यली? कापड कोठी गेलं? हे काय, इथंच तं आहे." दिवेलागणीला फ्रॉक पुन्हा माझ्या अंगावर आला. डाव्या खांद्याच्या आतून तिने जाड पट्टी बसवली होती आणि गळा किंचित एका बाजूला ओढला होता. भिंतीवरच्या आरशात मी अगदी सरळ दिसत होते. याचा मला आणखीच राग आला. मला आईचा फ्रॉक हवा होता. चांगला दिसणारा फ्रॉक मी मागितला नव्हता.

'कापडानं झाकाव, तोंडानं नाही,' हा तिचा कायदा. माणसाच्या अंगातली खोट ती कापडात अशी जिरवायची की दुसऱ्या कोणाला पत्ता लागू नये, पण तोंडाने मात्र ती चारचौघांत सांगून मोकळी व्हायची. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची बायको एकदा भाचीच्या लग्नासाठी पातळ दाखवायला आली. मोठमाय भर ओट्यावर तिला म्हणाली, "पोट सुटलं तुमचं. हा रुंद काठ पोटावर आला तं पोटच वरातीत आधी जाईन." ती बाई रागाने लाल होऊन निघून गेली आणि चार दिवसांनी तेच पातळ घेऊन परत आली. मोठमायने रुंद काठ काढून त्या जागी बारीक काठ जोडला, पोलक्याला खाली टोक दिलं. लग्नात सगळ्या बायकांनी विचारलं म्हणे, की तुम्ही एवढ्या बारीक कशा झालात. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि बायका तिच्याकडे जायच्या थांबतही नव्हत्या. मी विचारलं होतं एकदा, गप्प बसून शिवता येत नाही का म्हणून. ती म्हणाली, "खरं बोललं का कापड बराबर कापल्या जाते."

ही सगळी कारागिरी चालायची ती जुन्यावर. नवं कापड आमच्या घरात कात्रीखाली आलेलं मी पाहिलं नाही. मोठेबाबा सरकी काढायच्या एका जिनात कापूस तोलायचे. मिळकत बेताची, त्यात माझं शिक्षण. भांडेवाल्या बायका घरोघरी जाऊन जुन्या लुगड्यांवर पातेली-पराती देतात, आणि ते कपडे पुढे बाजारात विकतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पण शेगावच्या भांडेवालीकडून मोठमाय चिंधीसुद्धा घेत नसे. "गावातलं कापड गावात घालू नाही. मालकीण रस्त्यात भेटते," असं तिचं म्हणणं. त्यासाठी ती पॅसेंजरने मलकापूरला जायची आणि गाठोडं वाहायला मला न्यायची.

मलकापूरच्या बाजारात गोणपाटावर जुन्या कपड्यांचे ढीग मांडून बसलेल्या त्या बायका तिला लांबून येताना पाहिल्या की एकमेकींना कोपराने ढोसायच्या. मोठमाय ढिगासमोर उकिडवी बसायची, कापड नाकाला लावायची, दोन्ही मुठींत धरून ताणायची, मग उन्हासमोर धरून त्यातून आभाळ बघायची. पसंत पडलं तर तोंड वाईट करायची, म्हणजे भाव उतरतो. मी पाठमोरी उभी राहायची. परत येताना गाडीत ते गाठोडं माझ्या मांडीवर असे, आणि त्याला परक्या घरांचे वास येत असत: कुठे कापराचा, कुठे ओव्याचा, कुठे लहान मुलाच्या दुधाचा. हे सगळं उद्या आपल्या अंगावर येणार, या एका विचाराने मी खिडकीबाहेर बघत राही.

घरी आल्यावर ते कपडे सोडा घालून उकळायचे, आणि मग उसवायचं काम माझं. अर्ध्या पात्याने एकेक टाका उचलायचा. कापड फाटलं की माझ्या बोटावर तिच्या लाकडी मोजपट्टीचा फटका. तिची खरी युक्ती मात्र पुढची होती. ती प्रत्येक कापड उलटवायची. बाहेरची बाजू उन्हाने, धुण्याने विटलेली असते. आतल्या बाजूचा रंग तसाच असतो. आतली बाजू वर घेऊन शिवलं की कापड कोरं वाटतं. "आतली बाजू कोणी पाह्यली असते? थे नवीच राह्यते," असं ती म्हणायची. तेव्हा टेरिलीन नवीन आलं होतं आणि वर्गातल्या मुली त्यासाठी वेड्या झाल्या होत्या. मी एकदा हट्ट धरला. तिने दुकानात ते कापड हातात घेतलं, उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं करून पाहिलं, आणि दुकानदाराच्या अंगावर टाकलं. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या कापडावर भरवसा ठेवू नये, असं त्याला सुनावून मला बाहेर ओढलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

मला मान्य करावं लागेल, आणि करते मी दात खाऊन, की वर्गात माझ्यासारखे कपडे कोणाचेच नव्हते. एका पातळाच्या काठातून तिने माझ्या परकराला खाली अशी पट्टी लावली होती की गायनाच्या बाईंनी मला पुढे बोलावून ती पाहिली. मुली विचारायच्या, कुठून आणलं. मोठमायने मला उत्तर पढवून ठेवलं होतं. खोटं बोलायचं नाही, फक्त 'मलकापूरचं' म्हणायचं. मुलींना वाटे, मलकापूरला केवढी मोठी दुकानं असतील. होता होता आमच्या घरातही मलकापूर म्हणजे कापडाचं गाव होऊन बसलं. शेगावची एकही चिंधी घरात येऊ नये म्हणून एवढा पहारा, पण मलकापूरलाही माणसं राहतात, त्यांनाही मुलं असतात आणि त्या मुलांची लग्नं व्हायची असतात, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माझ्या रागाचं सगळ्यात मोठं कारण अजून सांगायचंच आहे. मोठमाय स्वतः उतरलेलं नेसत नसे. दिवाळीला एक आणि जुनं विटलं की मध्ये एखादं, अशी तिची लुगडी बाजारातल्या दुकानातून यायची, साधी सुती, पण कोरी, घडी न मोडलेली. गळ्यात मंगळसूत्राशेजारी तिने गेलेल्या सवतीचा टाक घातलेला असे, चांदीच्या पत्र्यावर उमटवलेली बाईची मूर्ती, दुसरेपणाच्या बायका घालतात तसा. नवं लुगडं आलं की ती टाक काढून त्या घडीवर ठेवायची, हळदकुंकू वाहायची आणि सकाळी लुगडं नेसायची. मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष त्या कोऱ्या कापडाच्या करकरीत आवाजाकडे असे. मला जन्मात एकच गोष्ट हवी होती, माझ्याआधी कोणी अंगाला न लावलेला एक कपडा. आणि ज्या बाईने माझा एकुलता एक तसा फ्रॉक उसवला, ती माझ्यासमोर नव्या लुगड्याचा पदर झटकत चुलीपुढे बसायची.

मी मॅट्रिक झाले आणि मला स्थळ सांगून आलं. मुलगा मलकापूरचा, शाळेत शिक्षक. घराणं खाऊनपिऊन सुखी. पत्रिका जुळली होती, फोटो आला होता, आणि फोटोतला मुलगा मला आवडला होता. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण उशीखालचा फोटो मोठमायने पाहिलाच असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिने पेटीच्या तळातून आपला साठवणीतला माल बाहेर काढला. ते एक डाळिंबी नागपुरी लुगडं होतं, रेशीमकाठी. मागेच मलकापूरहून आणून तिने ते राखून ठेवलं होतं. मधला विरलेला भाग काढून तिने त्याचं माझ्यासाठी सहावारी गोल पातळ केलं, उरलेल्यात पोलकं बसवलं. अर्थात सगळं उलटवून. पदराला एका ठिकाणी जळल्याचं भोक होतं, कोणीतरी ते हिरव्या दोऱ्याने रफू केलेलं. त्यावर तिने रेशमाची बुट्टी भरली, आणि एकटी बरी दिसणार नाही म्हणून पदरभर तशाच बुट्ट्या भरल्या. पोलक्याच्या डाव्या खांद्यात तिने पातळ कापसाची गादी बसवली. त्या दिवशी आरशात बघताना मी तिचा राग विसरले होते. अशी मी पुन्हा कधीच दिसले नाही.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. माझे वडीलही आले होते. पोहे झाले, माझं शिक्षण विचारून झालं. मुलाने एकदा वर पाहिलं आणि त्याच्या हातातला चमचा बशीत पडला, मामा हसला. मुलाची आई मोठी ऐटदार बाई होती, पण बोलायला गोड. तिने मला शेजारी बसवून घेतलं आणि बायका सहज करतात तसा माझा पदर हातात घेतला. पातळ सुरेख आहे, कुठलं, असं विचारलं. मी सवयीने म्हणाले, "मलकापूरचं." ती हसली आणि म्हणाली, आमच्या गावचं कोणत्या दुकानातलं, आम्हाला कसं दिसलं नाही. असं म्हणत तिने पोत बघायला पदर उलटा केला.

आतून तिला तिचं स्वतःचं लुगडं दिसलं. आमची वरची बाजू तिने कधी पाहिली नव्हती. आतली, विटलेली, तीच तिच्या ओळखीची होती. तिचा अंगठा सरकत सरकत एका बुट्टीच्या मागे जाऊन थांबला. "हे रफू माहं आहे," ती सावकाश म्हणाली. "संक्रांतीच्या हळदीकुंकवात पदर समईवर गेला होता. घरात हिरवाच दोरा होता. भांडेवालीले देल्लं मी हे, पातेल्यावर."

मोठेबाबा नखांकडे बघू लागले. वडील अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. एकसारखी दहा लुगडी निघतात मागावर, एवढं एक वाक्य मोठमाय बोलली असती तर त्या बाईनेही मान डोलावली असती, कारण तिलाही ते तोंडातून निघून गेल्यासारखं झालं होतं. मी मोठमायकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याकडे आशेने पाहत होते.

"हाव, तुमचंच आहे," मोठमाय म्हणाली. "पण तुमच्या अंगावर हे असं कधी दिसलं होतं काय? खरं सांगा."

त्या बाईने खरंच विचार केला. "नाही," ती म्हणाली, आणि तिला जरासं हसूही आलं. तिथेच सगळं निभावलं असतं. तिने मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवला, तो डाव्या खांद्यावर आला आणि बोटं कापसात रुतली. तिने पुन्हा दाबून पाहिलं. हे काय आहे, असं तिने मला विचारलं होतं. उत्तर मोठमायने दिलं.

"कापूस आहे. पोरीचा डावा खांदा उतरता आहे, जन्मापासून. बाकी पोरीत काही खोट नाही."

खांद्यावरचा हात निघून गेला. चहा झाला, पानसुपारी झाली, पाहुणे गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. मुलगा खाली बघत चपला घालत होता. तो एक शब्द बोलला नाही, म्हणून माझा राग त्याच्यावरही आहे, पण तो थोडा. आठवड्याने निरोप आला की पत्रिका जुळत नाही. ती आधीच जुळलेली होती, हे निरोप आणणाऱ्यालाही माहीत होतं.

निरोप ऐकला आणि मी ते पोलकं काढून अर्ध्या पात्याने खांद्याला फाडलं. कापूस खोलीभर झाला. बोलल्याशिवाय तुला राहवलं नसतं का, असं मी तिला विचारलं. आजवर मनात ठेवलेलं सगळं त्या दिवशी बाहेर आलं: आईचा फ्रॉक, मलकापूरचे वास, बोटांवरचे फटके. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लग्न झाल्यावर तिनं पाह्यलंच असतं. मंग तुले जलमभर ऐकाव लागलं असतं. आता एकदाच ऐकलं." तिचं म्हणणं बरोबर असेल. मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. मला तो मुलगा हवा होता, आणि जन्मभर काय ऐकायचं ते माझं मी ऐकलं असतं. मी म्हणाले, "आमच्या अंगावर गावभरचं उतरलेलं, आणि तू मात्र दरसाल दुकानातलं नवं नेसतेस."

तिने गळ्यातला टाक दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला.

"नवं? माह्या अंगावर नवं कोठून येईन? एक रात्र आधी हिनं नेसाचं, मंग मी. मांडवातसुद्धा हिचाच शालू होता माह्या अंगावर. या घरात आली तव्हापासून पहिल्यांदा नेसलेलं एक लुगडं नाही माहं."

हे ती कीव यावी म्हणून बोलली नाही. कोणाच्या छातीचं माप सांगावं तशा आवाजात बोलली, आणि मग खाली बसून कापूस गोळा करू लागली, कारण तो पुन्हा वापरता येण्यासारखा होता. मी तिला मदत केली नाही. राग जरा बाजूला सरकला असेल, पण गेला नाही. निरोप कळून वडील आले आणि मला घरी घेऊन गेले आणि मी निघताना तिच्या पाया पडले नाही.

पुढे मेहकरकडचं स्थळ आलं. मुलगी बघण्याचा कार्यक्रम आमच्या खेड्यात होता आणि मोठमाय बोलावल्याशिवाय हजर झाली होती. पाहुणे बसताहेत तोच मी उभ्याउभ्या सांगून टाकलं की माझा डावा खांदा उतरता आहे. यात माझा काही मोठा खरेपणा नव्हता. तिच्या तोंडून ते पुन्हा ऐकायचं नाही, एवढाच हेतू होता. मोठमायने उघडलेलं तोंड मिटलं. माझे सासरे 'बरं' म्हणाले आणि त्यांनी प्यायला पाणी मागितलं. लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी माझं नवं पोलकं, वडिलांनी घेतलेलं, कोरं, खुंटीवरून नाहीसं झालं. मी तिला शोधत मागच्या पडवीत गेले तर तिने डावा खांदा उसवून घेतलेला. तोंडात दोरा होता म्हणून ती बोलू शकली नाही. तशीच्या तशी तिथून परत आले मी, आणि मुहूर्तावर ते पोलकं घातलं, कारण दुसरं नव्हतं.

आजही मी पोलकं शिवते तेव्हा डाव्या खांद्यात कापूस घालते. आता माझे हात तिच्यासारखेच चालतात, त्याला माझा इलाज नाही. कोणी विचारलं तर सांगते. सुनांना हे आवडत नाही. आपण होऊन कशाला सांगायचं, असं त्या म्हणतात, आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण माझंही तेच म्हणणं होतं.

मोठमाय गेली ती मोठेबाबांच्या आधी, कपाळाच्या कुंकवासकट. निरोप मिळाला आणि मी सकाळच्या गाडीने निघाले. पोहोचले तेव्हा बायकांनी तिला आंघोळ घालून ठेवली होती आणि सगळ्या लुगड्यासाठी अडल्या होत्या. अहेव बाईला हिरवं लुगडं माहेरचं लागतं, आणि तिच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजारात गेले, तिच्या नेहमीच्या दुकानात. दुकानदाराने पुढे टाकलेलं पहिलं हिरवं लुगडं मी दोन्ही मुठींत ताणून पाहिलं, उन्हासमोर धरलं, उलटून पाहिलं आणि परत केलं. तिसरं घेतलं.

घरी आणून घडी ठेवली तोवर किराणावाल्याच्या बायकोने, आता अगदी म्हातारी झाली होती ती, मोठमायच्या गळ्यातले मणी आणि टाक काढले होते. तिने रीतीप्रमाणे टाक लुगड्याच्या घडीवर ठेवला आणि हळदकुंकवाचा करंडा मागितला. मी टाक उचलून मोठेबाबांच्या हातात दिला.

"रीत आहे माय," म्हातारी म्हणाली. "आधी सवतीले दाखवा लागते. कोपते थे."

"हे नाही दाखवायचं," मी म्हणाले. "हे हिचं एकटीचं आहे."

बायका कुजबुजल्या. मी घडी मोडली. मला रडू आलं नाही. मला फार राग आला होता, पण तो कोणाचा, ते मला सांगता येत नाही. त्या चांदीच्या बाईचा असेल, मोठेबाबांचा असेल. आम्ही तिला लुगडं नेसवलं. खळीचं कोरं कापड, ते तिच्या अंगाला कुठेच नीट बसेना, कमरेला फुगून राहिलं आणि पदर खांद्यावर ताठ उभा राहिला. म्हातारी तो दाबून दाबून बसवायला लागली. राहू द्या तसंच, म्हणून मी तिचा हात बाजूला केला.